हाक मारणारी पेशी

आमच्या घरात दोन प्रेशर कुकर होते, एकाच मापाचे, एकसारखे दिसणारे. एकात वरणभात शिजायचा आणि दुसऱ्यात अप्पांच्या काचेच्या बश्या. गोंधळ होऊ नये म्हणून आईने अप्पांच्या कुकरच्या दांड्याला जुन्या परकराची लाल चिंधी बांधली होती. तरी एकदा घाईत तिने त्यातच डाळ लावली. जेवून उठल्यावर अप्पांनी तो कुकर राख लावून तीन पाण्यांनी घासला. आई म्हणाली, "आमच्या पोटाची काळजी नाही, बश्यांची आहे." अप्पा म्हणाले, "तुमच्या पोटाला काय होतंय? तेल माझ्या बश्यांना चालत नाही." रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या घरांतून मटणाचा नाहीतर सांबाराचा वास यायचा आणि आमच्या घरातून वाळक्या गवताच्या काढ्याचा. गवत उकळायचं, गाळायचं, त्यात चायना ग्रास विरघळवायचं, शिट्ट्या करायच्या आणि गरम गरम बश्यांत ओतायचं. निवलं की ते खरवसासारखं थरथरायचं. सुरुवातीला मला ते खावंसं वाटायचं. एकदा चाटूनही पाहिलं होतं. पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीसारखी चव होती.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. त्याआधी नायगावच्या चाळीत एका खोलीत होतो. तिथे दार लावणं म्हणजे कुणीतरी आजारी आहे असा अर्थ व्हायचा. वाशीला दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतःचा संडास आणि दाराला आतून दोन कड्या. आईला पहिले काही दिवस इतका आनंद झाला की ती दिवसातून दोनदा फरशी पुसायची. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की पुसलेल्या फरशीवर पाऊल उमटवायला कुणी येत नाही. आमच्या इमारतीतले निम्मे फ्लॅट कुलूपबंद होते. समोर नुसते खांब उभे होते, त्यातून खाडीचा वारा शिट्टी घालत यायचा. दिवसभर काँक्रीटचा मिक्सर फिरायचा आणि तो थांबला की कानांत दडे बसल्यासारखं व्हायचं. आई बेलापूरच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. सकाळी डबा घेऊन बसने जायची ती संध्याकाळीच यायची. मी शाळेतून आले की स्वतः कुलूप काढायचे, माठातलं पाणी प्यायचे आणि रेडिओ लावायचे. ऐकायला नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

पहिल्या वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, आईने खीर केली. नायगावला खिरीचं पातेलं सगळ्या मजल्यावर फिरायचं. इथे ती बराच वेळ दारात उभी राहिली, मग तिने एका वाटीत खीर घालून मला समोरच्या फ्लॅटमध्ये पाठवलं. समोरच्या काकूंनी विचारलं, "आज काय गं?" मी सांगितलं. त्या "अच्छा, अच्छा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. धुऊन, पुसून, रिकामी. चिमूटभर साखरसुद्धा नव्हती. आईने ती वाटी मांडणीवर ठेवली. पुढच्या पौर्णिमेला तिने खीर मात्र तिघांपुरतीच केली.

अप्पांचं सांगायला हवं. ते रत्नागिरीकडच्या एका वाडीतून शिकत शिकत आलेले. एमएस्सी झाल्यावर मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत त्यांना साहाय्यकाची नोकरी लागली. काम म्हणजे पेशी वाढवायच्या, बश्या तयार ठेवायच्या, मोठ्या लोकांना हवं ते हवं तेव्हा हातात द्यायचं. तिथे त्यांनी मातीतले ते सूक्ष्म जीव पहिल्यांदा पाहिले, ज्यांच्यासाठी पुढे घरी गवताचा काढा शिजू लागला. एरवी त्या जीवाची एकेक पेशी सुटी सुटी हिंडते आणि मातीतले जंतू खाते. खाणं संपलं की हजारो पेशी एका जागी येतात, एकमेकींना चिकटतात, आणि त्यांचा मिळून एक देठ उभा राहतो, टाचणीएवढाही नाही. त्याच्या टोकाला बीजांची गोळी. देठ झालेल्या पेशी मरतात, गोळीतल्या जगतात. या पेशी एकत्र येतात कशा, त्यांना कोण बोलावतं, हा त्या काळी मोठा प्रश्न होता. अप्पांनी बघून बघून एक गोष्ट टिपली होती. त्यांच्या बशीत दरवेळी आधी एकच पेशी हिंडायची थांबायची. गोल व्हायची. मग आजूबाजूच्या तिच्याकडे वळायच्या. ते तिला 'हाक मारणारी' म्हणायचे.

संस्थेत शनिवारी सगळे जमून आपापलं काम सांगायचे. अप्पांनी विनंती करून एक शनिवार मागून घेतला. त्यांचं बोलून झाल्यावर एक वरिष्ठ हसून म्हणाले, "तुम्हा लोकांना काय, सगळीकडे पुढारीच दिसतात." खोली हसली. अप्पाही थोडे हसले, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते स्वतःचं ते हसणं. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. नंतर ते वाशीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. आतली खोली, जी खरं तर माझी व्हायची होती, तिथे त्यांनी टेबल टाकलं, चोरबाजारातून आणलेला पितळी नळीचा मायक्रोस्कोप खिडकीशी ठेवला, आणि दाराला पडदा लावला. मी बाहेरच्या खोलीत आईशेजारी झोपायचे.

माती बोनकोड्याहून यायची, अगदी अप्पा संस्थेत होते तेव्हापासून. आज बोनकोडे म्हटलं की लोक कोपरखैरण्यातली गल्ली सांगतात, रिक्षावालाही कुठलं दुकान विचारतो. तेव्हा ते नुसतं गाव होतं. भाताची खाचरं, बांधावर उंडीची झाडं, पलीकडे खाडी. अप्पा सायकलवर जायचे, बाळाराम पाटील नावाच्या शेतकऱ्याच्या बांधाखालची मूठभर माती पिशवीत घालून आणायचे. इतर ठिकाणच्या मातीतही तसले जीव सापडत, पण या बांधाखालचे वेगळे होते. त्यांच्या गोळ्या किंचित जांभळ्या दिसायच्या, आणि हाक मारणारी त्यांच्यातच स्पष्ट दिसते असं अप्पांचं म्हणणं होतं. मी एकदोनदा सायकलच्या मागे बसून गेले होते. बाळाराम हसायचा. "मास्तर, आमचे मातीन सोना हाय का काय? आमाला पन दाखवा की." अप्पा म्हणायचे, "या ना घरी, दाखवतो." तो कधी आला नाही. आमच्या घरी येतो म्हणणारे तसे कमीच होते, आणि येणारे त्याहून कमी.

कॉलेजला गेल्यावर मी फिजिक्स आणि गणित घेतलं. अप्पांना वाटत होतं मी जीवशास्त्र घ्यावं. मी घेतलं नाही, कारण मला त्या पडद्याआडच्या खोलीचा राग होता. अप्पा तिथे गेले की घरात नसल्यासारखेच असायचे. हाक मारली तर "हं" म्हणायचे आणि त्या 'हं'मागे कुणी नसायचं. कॉलेजातही माझी कुणाशी मैत्री झाली नाही. मुली आपापल्या बसथांब्यांप्रमाणे जथ्याने जायच्या, आणि माझ्या बाजूला जाणारी दुसरी कुणी नव्हती. मी ग्रंथालयात डबा खायचे. मला वाईट वाटायचं का? त्या वयात असं काही वेगळं वाटत नसे. तहान सतत असली की ती तहान आहे हे कळत नाही, तसं काहीतरी असावं.

मग कॉलेजात कॉम्प्युटर आला. एकच. फिजिक्सच्या प्रयोगशाळेशेजारची एक खोली रंगवून घेतली, दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली. आत टीव्हीला जोडलेला एक कळफलक आणि शेजारी गाणी ऐकायचा असतो तसला कॅसेटप्लेअर. प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा, आणि परत घालताना ती कॅसेट मांजरं भांडल्यासारखी किंचाळायची. पाटणकर सर त्याचे राखणदार. एकटे राहणारे, बोलायला भुकेलेले गृहस्थ. सुरुवातीला झुंबड उडाली, मग महिन्याभरात मुलांचा उत्साह ओसरला आणि दुपारी तिथे पाटणकर सर आणि मी, दोघंच उरलो. "चपला बाहेर. आणि पंखा बंद नको करूस गं, मशीन तापतं," एवढं म्हणून ते कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की माझं कुणीतरी ऐकतंय. मी सांगेन ते आणि तेवढंच, पण ऐकतंय. पुढे सगळा जन्म मी याच कामात काढला. आज खारघरच्या घरात नातीच्या टॅबवर पेशींचे रंगीत व्हिडिओ बघते, तेव्हाही मला त्या खोलीतल्या रंगाचा कुबट वास येतो.

प्राइम नंबर काढून झाले, वर्तुळं काढून झाली. आता काय करावं कळेना. तेव्हा मी अप्पांच्या पेशी पडद्यावर काढायच्या ठरवल्या. त्यांना सांगितलं नाही, करून दाखवायचं होतं. नियम सोपे होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. भूक लागली की जवळच्या ठिपक्याची हाक ज्या बाजूने मोठी येईल तिकडे एक घर सरकायचं, आणि स्वतःही हाक द्यायची. मधोमध एक खास ठिपका ठेवला, तो सगळ्यांत आधी हाक मारणार. चालवलं तर ठिपके खरोखर त्याच्याभोवती गोळा झाले. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पाटणकर सरांनी पेपरावरून बघितलं.

पुढच्या आठवड्यात कॅसेट बिघडली आणि मला सगळा प्रोग्रॅम पुन्हा टाइप करावा लागला. टाइप करताना मधल्या ठिपक्याची ओळच राहून गेली. मला ते कळलं नाही. चालवला. ठिपके आधी इकडेतिकडे भटकले, मग एका कोपऱ्यात थोडे जवळ आले, त्यांच्याकडे आणखी आले, आणि बघता बघता डावीकडे एक आणि खाली एक असे दोन घोळके झाले. मधोमध कुणीच नव्हतं. मी ओळी वाचत गेले तेव्हा कळलं. हाक मारणारी नव्हतीच. मी पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. दरवेळी घोळके वेगळ्या जागी झाले, पण झाले. कुणीही विशेष नव्हतं, सगळे सारखे, आणि तरी जमत होते. वयाच्या अठराव्या वर्षी असं काही आपल्यासमोर उलगडावं आणि शेजारी पेपर वाचणाऱ्या सरांखेरीज कुणी नसावं! मी घरापर्यंत जवळजवळ धावत गेले.

अप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसून सुकट निवडत होते. आई उशिरा यायची म्हणून संध्याकाळची निवडानिवड त्यांच्याकडे असे.

"अप्पा, ती लागतच नाही."

"कोण?"

"हाक मारणारी. तिच्याशिवायही सगळ्या जमतात. मी मशीनवर केलंय. सगळ्या अगदी सारख्या ठेवल्या तरी जमतात."

सुकटीची डोकी मोडणारा त्यांचा हात थांबला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "दाखवशील?"

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दाराशी चपला काढून नीट जोडून ठेवल्या. मी कॅसेट घातली, ती किंचाळली, ठिपके उमटले. अप्पा टीव्हीच्या इतक्या जवळ बसले होते की त्यांच्या चष्म्यात मला ठिपके दिसत होते. पहिल्यांदा झालं. "परत," ते म्हणाले. परत केलं. "जागा बदलून." तेही केलं. पाटणकर सर उठून मागे येऊन उभे राहिले आणि कौतुकाने म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची. पुढारीबिढारी काही नसतं, हेच दाखवलंन तिनं." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. अप्पा "हो" म्हणाले आणि किंचित हसले. ते हसणं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते कुठलं आहे हे मला लगेच कळलं.

परत येताना सायकल हातात धरून ते माझ्या बरोबरीने चालत होते. "छान केलंयस, वैशू," एवढं म्हणाले. नंतर घर येईपर्यंत सायकलच्या साखळीचाच आवाज.

त्यानंतर त्यांचा कुकर मांडणीवरून खाली आला नाही. गवताची पेंढी गॅलरीत तशीच पडून राहिली. अप्पा कॉलेजातून यायचे, चहा प्यायचे, वर्तमानपत्र वाचायचे, माझ्या अभ्यासाची चौकशीसुद्धा करायचे. पडदा सरकवून आत जायचे नाहीत. मला जे इतकी वर्षं हवं होतं, ते बाहेरच्या खोलीत बसलेले अप्पा, ते मिळाले होते, आणि त्यांच्याशी काय बोलावं हे मला सुचत नव्हतं. घरात तीन माणसं होती आणि तिघांचं गप्प बसणं तीन तऱ्हांचं होतं. एकदा भाकरी थापता थापता आईने विचारलं, "काय बोललीस गं त्यांना?"

"काही नाही. खरं तेच सांगितलं."

"खरं सांगायला ना नाही. पण जरा जेवूनखाऊन झाल्यावर, हळूच सांगता येत नाही का?"

मला राग आला. मी काही वाईट केलं नव्हतं. मला काहीतरी सापडलं होतं, आणि जगात ज्या एका माणसाला त्याचा अर्थ कळत होता त्यालाच त्याचा आनंद नव्हता. मी कॉलेजात जाऊन ठिपके जमवत बसायचे. जमायचे ते. पण आता एकटीने टाळ्या वाजवाव्याशा वाटेनात.

असे किती आठवडे गेले आठवत नाही. एका रविवारी आई घावणे काढत होती. अप्पांनी चटणीला हात लावला नाही आणि एकदम म्हणाले, "वैशू, तुझ्या प्रोग्रॅमनं दाखवलं की तिच्याशिवाय जमता येतं. ती नसतेच, असं कुठं दाखवलं?"

"अप्पा, जिची गरजच नाही ती कशाला असेल?"

"आई बेलापूरला बसने जाते. बस नसती तर चालत गेली असती. पोचली असतीच. म्हणून बस नाही का?"

"तुम्हांला ऐकायचंच नाहीये."

"मी ऐकलं की. तुझ्या मशीनसमोर बसून ऐकलं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ताट त्यांनी बाजूला सारलं होतं. "तू बघत नाहीस. इतकी वर्षं माझ्या घरात राहिलीस, एकदा डोळा लावून बघितलंस का? संस्थेतल्यांनी नाही बघितलं, त्यांचं सोड. तू?"

तव्यावरचा घावणा करपत होता. आई म्हणाली, "जा ना गं, बघ एकदा. डोळे झिजणार नाहीत तुझे."

चिंधीचा कुकर त्याच दिवशी चढला. जपून ठेवलेल्या नळ्यांतली बीजं अप्पांनी बशीत घातली, वाढू दिली, आणि त्यांचं खाणं संपेल अशा बेताने पुढचा रविवार धरला. मी सकाळी पडदा सरकवून आत गेले. खिडकीतून ऊन मायक्रोस्कोपच्या खालच्या आरशावर पडत होतं. ढग आला की सगळं काळवंडायचं आणि आम्ही थांबायचो. सुरुवातीला मला काहीच कळेना. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे चपटे, पारदर्शक तुकडे, कडा सारख्या हलणाऱ्या. "घाई नको करू," अप्पा म्हणाले. आम्ही आळीपाळीने बघत होतो. आई चहा देऊन गेली, आम्ही उभ्याउभ्याच प्यालो. खूप वेळाने मला एक पेशी दिसली. ती थांबली होती. बाकीच्या हलत होत्या आणि ती गोल होऊन, कडा आत घेऊन बसली होती. मग शेजारची एक लांबट झाली आणि तिच्याकडे निघाली. मग दुसरी. मग पलीकडून एक रांगच.

"अप्पा, बसली. येतायत."

त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर ओढून केलेली काचेची सुई घेतली, केसाहून बारीक. त्यांचा हात इतका स्थिर मी कधी पाहिला नव्हता. डोळा न हलवता त्यांनी त्या गोल पेशीला रेटत रेटत दूर नेलं आणि मला जागा दिली. मी बघितलं. तिच्याकडे निघालेल्या पेशी थबकल्या. काही वेळ तशाच राहिल्या. मग रांग विस्कटली आणि एकेक पेशी वाट फुटेल तिकडे गेली.

मी पुन्हा डोळा लावला, पांगल्याच होत्या. पण मी त्यांचीच मुलगी होते. मी म्हटलं, "सुईचा धक्का लागला म्हणून पांगल्या असतील. कुठलीही काढली असती तरी हेच झालं असतं."

अप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एखाद्याने आपल्याला विरोध केला म्हणून कुणाचा चेहरा इतका उजळलेला मी त्यानंतरही पाहिला नाही. "मग काय करायचं?"

"दुसरा जमाव बघा. त्यातली गोल राहू दे. तिच्या शेजारची काढा."

दुसरा जमाव सापडायला दुपार झाली. त्यांनी शेजारची काढली. मी डोळा लावून बसले. मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं. रांगा येत राहिल्या. काहीही विस्कटलं नाही. मग त्यांनी गोल काढली, आणि सगळं पांगलं. आईलाही बोलावलं. तिने पदराने डोळा पुसून नळीत पाहिलं आणि म्हणाली, "मला मेलीला साबुदाणाच दिसतोय." आम्ही दोघं हसलो. ती गेल्यावर अप्पांनी विचारलं, "दिसलं ना?" मी म्हटलं, "दिसलं."

आता हे नीट करायचं होतं. पुन्हा पुन्हा करून, फोटो काढून, म्हणजे कुणी हसणार नाही. वाशीतल्या फोटो स्टुडिओवाल्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा बसवून बघतो असं कबूलही केलं. तेवढ्यात पावसाळा मुरला. भिंतींना ओल आली, आणि अप्पांच्या नळ्यांच्या कापसाच्या बोळ्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे आत शिरले. ते नळीमागून नळी खात गेले आणि अंगावरून बुरशी सगळीकडे नेली. अप्पांनी सगळं उकळलं, पुसलं, पुन्हा लावलं. प्रत्येक बशी हिरवी झाली. "जाऊ दे," ते म्हणाले, "बाळारामाचा बांध आहे ना."

पाऊस उघडल्यावर आम्ही दोघं गेलो. बांध नव्हता. खाचरं नव्हती. लाल मुरुमाचं मैदान होतं, त्यावर डंपर उलटा होत होता आणि लोखंडी रोलर फिरत होता. नव्या शहरासाठी जमिनी गेल्याचं आम्हांला ठाऊक होतं, सगळ्यांच्याच गेल्या होत्या. पण गेलेली जमीन डोळ्यांना दिसत राहील असं का कोण जाणे आम्हांला वाटलं होतं. बाळाराम तिथेच उंडीच्या एका राहिलेल्या झाडाखाली उभा होता. अप्पांच्या हातातली पिशवी बघून तो म्हणाला, "आता कुटली माती, मास्तर. ही तर डोंगरातली हाय." अप्पा त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले. दोघंही रोलरकडे बघत होते. मी सायकल धरून उभी होते.

पुढे आम्ही पुष्कळ ठिकाणची माती आणली. तुर्भ्याची, घणसोलीची, पारसिकच्या टेकडीची. जीव सापडायचे. पांढऱ्या गोळ्यांचे. त्यांच्यात कुणी हाक मारणारी नव्हती, ते माझ्या ठिपक्यांसारखेच जमायचे. अप्पांनी ते कबूल केलं. बोनकोड्याचं मात्र त्यांनी कुणाला कळवलं नाही. मी म्हटलं, आपण दोघांनी पाहिलंय की. ते म्हणाले, "बाप आणि मुलगी. कोण धरणार?" अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या मातीतली ती पेशी पाहिलेलं माणूस म्हणजे आता मीच एकटी, आणि हे वाक्य लिहिताना मला जे वाटतं ते कुणाला सांगायला गेलं की लोक विषय बदलतात.

पण एक गोष्ट त्यांच्या हयातीत झाली. मी पुण्याला एमएस्सीला गेले. वसतिगृहात चार जणी एका खोलीत, आणि तरी मी नायगाव सोडल्यापासून होते तेवढीच एकटी. दुपारी विभागाच्या ग्रंथालयात जुन्या परदेशी मासिकांचे बांधीव खंड चाळत बसायचे. त्यातल्या एकात, कुणी फारसं उघडत नसावं अशा, मला एक छायाचित्र दिसलं. रांगा चहूबाजूंनी येताहेत आणि मध्ये एक गोल पेशी. गोळ्यांचा रंग खाली लिहिला होता, जांभळट. बहुतेक जातींत अशी पेशी नसते, काहींत असते, एवढं साधं ते होतं. अप्पा शनिवारी उभे राहून बोलले त्याच्या कितीतरी आधी छापलेलं. हसणाऱ्यांपैकी कुणी ते वाचलं नव्हतं आणि अप्पांना ते खंड मिळाले नव्हते.

रविवारी दुपारी मी एसटीडी बूथवर रांग लावली. घरी नुकताच फोन बसला होता. सांगावं की नाही, हे मला नंबर फिरवेपर्यंत ठरवता येत नव्हतं. आपण आयुष्यभर जे उराशी धरलं ते दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलंय, हे कुणाला ऐकायला आवडेल?

अप्पांनीच उचलला. मी सगळं सांगितलं, एका दमात.

"आपल्या आधी?"

"हो अप्पा. खूप आधी."

"त्यानं काढून बघितली ती? सुईनं?"

"सुईनंच."

"मग?"

"बाकीच्या पांगल्या."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि त्यांचा आवाज लांब गेला. "अगं, इकडे ये. ये आधी. आणखी एका माणसानं बघितलंय."

"काय बघितलंय? भात टाकलाय मी."

"ते राहू दे. बस इथं. हे बघ, तुला पहिल्यापासून सांगतो. आधी त्या सगळ्या सुट्या सुट्या हिंडत असतात..."

"अहो, पण फोनवर वैशू आहे ना?"

"असू दे, ऐकतेय ती. तर खाणं संपतं..."

ते सांगत होते. इतकी वर्षं पडद्याआड केलेलं सगळं, भात खाली उतरवायला विसरलेल्या आईला, घाईघाईने, मध्येच थांबून, पुन्हा मागे जाऊन. आई मध्ये "मग?" म्हणत होती. बाहेरचा माणूस बूथच्या काचेवर नाणं आपटू लागला. मी त्याच्याकडे पाठ केली, रिसीव्हर कानाला घट्ट धरला आणि ऐकत राहिले.